वाचनालयाच्या जुन्या पीसीला टचस्क्रीन : प्रकल्प नोंदी

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, म्हणून आज पंचवटीतल्या आमच्या छोट्या वाचनालयात पुस्तकं बदलायला गेले. दिवाळीची आवराआवर तिथेही झालेली. दाराशी रद्दीच्या गठ्ठ्यांशेजारी जुना पीसी, की-बोर्ड आणि पंधरा इंची पिक्चर ट्यूबचा मॉनिटर भंगारवाल्याची वाट बघत ठेवलेले. ग्रंथपाल मावशींना विचारलं. म्हणाल्या, "चालू आहे गं तो. पण कुणी हातच लावत नाही. माउस धरला की बाण कुठं जातो ते कळत नाही, मग सगळे आपले माझ्याकडेच येतात. त्यापेक्षा तिथं एक खुर्ची बसेल."

त्या पीसीत वाचनालयाची सगळी यादी आहे. चार हजारांवर पुस्तकं, लेखक, कपाट, फळी, सगळं. कुणीतरी महिनोन्‌महिने बसून भरलेलं. हे भंगारात जाऊ द्यायला मन तयार होईना.

इथे येणारे बहुतेक वाचक सत्तरीच्या पुढचे. माउस वापरायचा तर हात टेबलावर हलवायचा आणि नजर पडद्यावर ठेवायची. हा मेळ बसायला सवय लागते, आणि सांधे दुखणाऱ्या बोटांना डबल क्लिक जमत नाही. पण कपाटापुढे उभं राहिलं की हेच लोक "वरून दुसरी फळी, ते हिरवं" असं बोटानं नेमकं दाखवतात. बोटानं दाखवणं कुणाला शिकवावं लागत नाही. मावशींकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आणि पीसी रिक्षात घालून घरी आणला.

उघडून पाहिलं. पेंटियम थ्री, ८६६ मेगाहर्ट्‌झ. इंटेल ८१५ चिपसेटचा मदरबोर्ड, रॅम २५६ एमबी, हार्ड डिस्क २० जीबी, विंडोज ९८. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलेला, म्हणून चालू करताना दर वेळी तारीख विचारतो. कपॅसिटर एकही फुगलेला नाही. मागे नऊ पिनांचा खराखुरा सिरीयल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारी जुनी जोडणी) आहे. तो पाहून बरं वाटलं.

हार्ड डिस्क मात्र कुरकुरते आहे. बाकी काही करण्याआधी यादीच्या दोन प्रती काढून ठेवल्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

कोणता टच घ्यायचा, यावर आज दिवसभर विचार.

फोनवर असतो तो कपॅसिटिव्ह. काचेखालच्या तारांच्या जाळीत सूक्ष्म विद्युतक्षेत्र असतं. बोट जवळ आलं की ते बदलतं आणि जागा कळते. म्हणजे बोट थोडंतरी विद्युतवाहक हवं. माझ्या आईची बोटं हिवाळ्यात इतकी कोरडी पडतात की फोन तिला तीनतीनदा ओळखत नाही. वाचनालयातल्या निम्म्या लोकांची हीच तऱ्हा असणार. शिवाय हल्लीचे असे पडदे यूएसबीवरून मल्टीटच म्हणून बोलतात. विंडोजला ही भाषा मुळातून कळायला लागली ती विंडोज ७ पासून. विंडोज ९८ च्या जमान्यात ती नव्हतीच.

दुसरा प्रकार इन्फ्रारेड चौकटीचा. पडद्याच्या कडेनं अदृश्य किरणांचं जाळं, बोट मध्ये आलं की किरण अडतो. ही कल्पना पीसीवर फार लवकर आली होती. १९८३ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डनं एचपी-१५० काढला तेव्हा त्याच्या नऊ इंची पडद्याभोवती अशीच किरणांची भोकं होती आणि त्यांत धूळ साठायची. आमचं वाचनालय अगदी रस्त्यालगत आहे, सकाळी झाडलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. शिवाय किरण अडायला बोटच लागतं असं नाही, शर्टाची बाहीही पुरते.

तिसरा रेझिस्टिव्ह. खाली काच, वर लवचीक फिल्म, दोन्हींच्या आतल्या बाजूंना इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक विद्युतवाहक थर, आणि दोघांमध्ये दिसणारही नाहीत असे टेकूचे ठिपके. दाबलं की दोन थर टेकतात. दाब बोटाचा, नखाचा, पेन्सिलीचा की हातमोज्याचा, याच्याशी काही देणंघेणं नाही. पडदा थोडा मंद दिसतो आणि दोन बोटं एकदम कळत नाहीत, पण पुस्तक शोधायला एक बोट पुरतं.

रेझिस्टिव्हच हवा, आणि सिरीयल केबलचा मिळाला तर फारच उत्तम.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार (रात्री)

मिळाला! अंबडला कामावरून सुटल्यावर चार भंगारवाल्यांकडे फिरले. चौथ्याकडे बंद पडलेल्या एका हॉटेलच्या बिलिंग काउंटरचा टच मॉनिटर होता. पंधरा इंच, जुना चौकोनी आकार, १०२४ बाय ७६८. मागे व्हीजीए आणि सिरीयल दोन्ही सॉकेट. बाराशेला ठरला. अडॅप्टर नव्हता, काचेवर तेलाचा थर. मागच्या लेबलावर १२ व्होल्ट आणि मधली पिन धन असं चिन्ह आहे. उद्या महात्मा गांधी रोडवरून अडॅप्टर आणायचा.

१ नोव्हेंबर, शनिवार

अडॅप्टर आणला, चित्र आलं. पडद्याचे एक-दोन ठिपके (पिक्सेल) मेलेले आहेत, चालतील.

मग मागचं झाकण उघडून काचेतून येणारी पट्टी केबल मोजली. पाच तारा. मल्टिमीटर लावला. चार तारांमध्ये आपसात थोडेसेच ओहम, म्हणजे त्या काचेच्या चार कोपऱ्यांना गेलेल्या. पाचवीचा कुणाशीच संबंध नाही. एका हातानं प्रोब धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं काच दाबली तर पाचवी लगेच बाकीच्यांशी जोडली गेली, अंगठा उचलला की परत तुटली. हा पाच तारांचा रेझिस्टिव्ह.

चार तारांच्या प्रकारात आडवी जागा एका थरावरून आणि उभी दुसऱ्यावरून मोजतात. वरची फिल्म चरली, तिचा थर झिजला की मोजमापच बिघडतं. पाच तारांच्या प्रकारात दोन्ही मोजमापं खालच्या काचेवर होतात. आधी उजवे दोन कोपरे पाच व्होल्टवर आणि डावे दोन शून्यावर, मग वरचे आणि खालचे, असं आलटून पालटून. वरची फिल्म फक्त "इथं किती व्होल्ट आहेत" एवढं वाचून आणते. या मॉनिटरच्या मध्यावर पेनानं ओढल्यासारखा लांब ओरखडा आहे. हॉटेलवाल्याचं पेनच असणार. तरी त्या ओरखड्यावर दाबलं तर जागा बरोबर येईल असा माझा अंदाज.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजचा अर्धा दिवस एका केबलमध्ये गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

घरातल्या वायरींच्या पिशवीत नऊ पिनांची एक सिरीयल केबल सापडली. लावली. पोर्ट ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट, या वेगानं) उघडला, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. काच दाबली. काही नाही. वेग बदलून पाहिले, काही नाही. बायोसमध्ये (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) पोर्ट चालू आहे, पत्ता ३एफ८, आयआरक्यू ४, सगळं जागच्या जागी.

शेवटी केबल काढली आणि दोन्ही बाजू मीटरनं मोजल्या. आरएस-२३२ मध्ये, म्हणजे या सिरीयल जोडणीच्या मानकात, पाठवणारी तार शांत असते तेव्हा तिच्यावर ऋण व्होल्टेज असतं. पीसीच्या पोर्टवर पाच नंबरच्या पिनला काळा प्रोब, तीन नंबरला लाल : उणे दहाच्या आसपास. बरोबर, पीसी तिनावरून बोलतो. मॉनिटरच्या सॉकेटवर दोन नंबरच्या पिनला उणे आठ. तेही बरोबर, मॉनिटर दोनवरून बोलतो आणि पीसी दोनवर ऐकतो. म्हणजे सरळ केबल हवी. माझ्या पिशवीतली दोन-तीन अदलाबदल केलेली, दोन पीसी एकमेकांना जोडायची निघाली. मॉनिटरचं बोलणं पीसीच्या तोंडावर जात होतं आणि कानाला काहीच ऐकू येत नव्हतं.

सरळ केबल मेहेर सिग्नलजवळ ऐंशी रुपयांना मिळाली. लावली, दाबलं, आणि पडद्यावर आकड्यांची रांग सुरू झाली.

सिरीयल टच कुणाकडे चालत नसेल तर ड्रायव्हर शोधत बसण्याआधी ही दोन मापं घ्यावीत. पाच मिनिटांचं काम आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आकडे वाचले. मॉनिटरमधला टच कंट्रोलर एलो या टचस्क्रीन कंपनीच्या दहा बाइटच्या पद्धतीनं बोलतो. काच एकदा हलकेच दाबल्यावर आलेली एक ओळ इथं उतरवून ठेवते :

८५, ८४, १, १५४, ७, १६२, ८, २५५, ०, १५८

८५ म्हणजे इंग्रजी यू, ओळीची सुरुवात. ८४ म्हणजे टी, टचची खबर. १ म्हणजे बोट आत्ताच टेकलं. (बोट टेकून ठेवलं की इथं २ येतो, उचललं की ४.) पुढे आडवी जागा दोन बाइटांत : ७ गुणिले २५६ अधिक १५४, म्हणजे १९४६. मग उभी जागा : ८ गुणिले २५६ अधिक १६२, म्हणजे २२१०. पुढचे दोन दाबासाठी राखलेले, या काचेला दाब किती ते कळत नाही. शेवटचा ताळा. सुरुवातीला १७० धरून आधीचे नऊ बाइट मिळवायचे, २५६ नं भागून बाकी घ्यायची. ९२६ ची बाकी १५८. जुळलं!

ही ओळ कागदावर हातानं सोडवली तेव्हा फार आनंद झाला. शून्य ते ४०९५ च्या आत दोन आकडे, बस. पंचवीस वर्षांच्या यंत्राला हे समजून घ्यायला कष्ट पडत नाहीत. उलट नव्या लॅपटॉपला यासाठी यूएसबीचं कन्व्हर्टर शोधावं लागलं असतं.

ओरखड्यावरही दाबून पाहिलं. जागा बरोबर येते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रॅम ५१२ एमबी केली. हा चिपसेट त्यापुढे घेत नाही. कुरकुरणारी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी ८ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, आयडीई या जुन्या हार्ड डिस्कच्या साध्या जोडणीवर. हे कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं, त्यामुळे मदरबोर्डला डिस्कच वाटते. आता मशीनमधून फक्त पंख्याचा आवाज येतो.

विंडोज ९८ सोडायचं ठरवलं. त्यात युनिकोड मराठी दिसत नाही. मंगल फाँटसकट ती सोय विंडोज २००० पासून आली. ३२ बिटचं अँटीएक्स लिनक्स टाकलं. टचसाठी इनपुटअ‍ॅटॅच नावाचं छोटं साधन आहे. त्याला एलोटच एवढा पर्याय आणि पोर्टचं नाव दिलं की कर्नलमधला ड्रायव्हर जागा होतो. बाण बोटामागे पळाला. उलटा, पण पळाला.

यादी दाखवायला ब्राउझर वापरावा असं मनात होतं. नाही जमणार. आजचे ब्राउझर प्रोसेसरकडे एसएसई२ नावाच्या सूचना मागतात आणि त्या पेंटियम ४ पासून आल्या. पेंटियम थ्रीमध्ये नाहीत. मग पायथनमध्ये टीके हे खिडक्या-बटणं बनवायचं साधन वापरून खिडकी बनवली. तिच्यात "कविता" लिहिलं तर ऱ्हस्व वेलांटी व च्या मागे जाऊन बसली, आणि "पुस्तक" मधला स पाय मोडून उभा! मराठी वाचकापुढे हे ठेवणं मला शक्य नाही. इथल्या टीकेला अक्षरं जुळवता येत नाहीत, जीटीके या दुसऱ्या साधनामागच्या पँगोला येतात. सगळं जीटीकेत पुन्हा लिहिते आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

यादीची डीबीएफ (जुन्या डेटाबेसची) फाइल उघडली. अक्षरं इस्कीत साठवलेली, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या १९९१ च्या भारतीय मानकाप्रमाणे. क म्हणजे १७९, हलन्त म्हणजे २३२. ज्यानं कुणी भरलं त्यानं मानक पाळलं म्हणून एका छोट्या तक्त्यानं सगळं युनिकोडमध्ये आलं. "सुऱ्या" आणि "सूर्य" वेगळे राहिलेत का ते मुद्दाम पाहिलं. राहिलेत, कारण इस्कीत ऱ ला स्वतःचा आकडा आहे.

एक गोष्ट मात्र मी युनिकोडच्या क्रमावर सोडली नाही. कॉम्प्युटरच्या हिशेबी ज्ञ हा ज च्या पोटातला, आणि क्ष हा क च्या. आपण शाळेत पाटीवर वर्णमालेच्या शेवटी क्ष, ज्ञ वेगळे शिकलो. ज्ञानेश्वरांवरची पुस्तकं कुणीही ज मध्ये शोधणार नाही. दोघांना स्वतंत्र चौकोन दिले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कॅलिब्रेशन. काचेचे आकडे शून्य ते ४०९५, पडदा १०२४ बाय ७६८. दोघांची सांगड घालायची.

डावीकडून १२८ व्या ठिपक्यावर फुली काढून दाबलं, काच म्हणते ६९०. ८९६ व्या ठिपक्यावर दाबलं, ३४२०. म्हणजे ७६८ ठिपक्यांना २७३० आकडे. एका आकड्याला ०.२८१३ ठिपका, आणि सुरुवात ६६ ठिपके मागे. उभ्या दिशेला तसंच, फक्त चिन्ह उलटं. फुल्या अगदी कोपऱ्यात घेतल्या नाहीत, कडेला चौकटीचा दाब असतो आणि आकडे फसवतात.

मध्ये बरोबर, कोपऱ्यांत आठ-आठ ठिपके चुकतं. वरच्या कोपऱ्यांत उजवीकडे, खालच्यांत डावीकडे. तासभर समजेना. मग डोक्यात आलं, काच एलसीडीवर किंचित तिरकी चिकटवलेली आहे. तिरक्या काचेला आडव्या जागेच्या हिशेबात उभ्या जागेचाही थोडा वाटा द्यावा लागतो. प्रत्येक दिशेला तीन, असे एकूण सहा आकडे. ते तीन फुल्यांवरून निघतात. मी नऊ फुल्या घेऊन सरासरी बसवली. लिनक्समधल्या एक्सइनपुट या साधनाच्या मॅट्रिक्समध्ये ते सहा आकडे भरले आणि बाण नखाखाली येऊन थांबला.

२३ नोव्हेंबर, रविवार

मॉनिटर वाचनालयात नेला. सगळ्यात आधी नाना आले. नाना नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य छपाईत गेलं. रोज दहाला येतात, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

खुर्चीत बसून त्यांनी "लेखक" वर बोट ठेवलं. लागलं त्याच्या खालचं बटण. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. मला वाटलं आकडे हलले. मी उभ्यानं दाबून दाखवलं तर बरोबर! नानांनी चष्मा काढला, पडद्याकडे कडेनं पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, याचं रजिस्टर सरकलंय."

छपाईत एका रंगावर दुसरा रंग तंतोतंत बसला नाही की रजिस्टर सरकलं म्हणतात. कागदाच्या कडांना बारीक फुल्या छापतात त्या त्यासाठीच. मी म्हटलं, "नाना, पण मी उभी राहून दाबते तेव्हा बरोबर येतं."

"मग तुझ्या डोळ्याला बसवलंयस तू. माझ्या नाही."

बोट टेकतं ती फिल्म वर आणि चित्र खाली, दोघांत पाचएक मिलिमीटर अंतर. वरून पाहणाऱ्याची नजर काचेला चित्राच्या जरा वर भेदते, खालून पाहणाऱ्याची जरा खाली. तीस अंशांच्या तिरकसपणाला ढोबळमानानं तीन मिलिमीटर, म्हणजे दहा ठिपके. मी घरी उभं राहून फुल्या दाबल्या, ते अंतर माझ्या उंचीपुरतं सहा आकड्यांत मुरलं. नाना खुर्चीत बसले तेव्हा फरक दुप्पट झाला.

नानांनाच खुर्चीत बसवून नऊ फुल्या त्यांच्या बोटानं घेतल्या. प्रत्येक फुलीवर त्यांनी बोट ठेवलं ते प्लेट तपासल्यासारखं, सावकाश आणि मधोमध. त्याआधी पडदा असा कलवला होता, की बसलेल्याची नजर काचेला जवळजवळ काटकोनात पडेल. उभ्यानं वापरणाऱ्याला आता थोडं चुकतं. पण इथं उभं कोण राहतं? खुर्ची तिथंच राहणार, मावशींना तसं सांगितलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि जाणं योग्यच होतं. काच नीट बसली तरी पडदा माउससाठी मांडलेला असेल तर बोटाचे हाल होतात.

हिशेब असा. या पडद्यावर एका मिलिमीटरमध्ये ३.४ ठिपके. खिडकी बंद करायचा नेहमीचा चौकोन १८ ठिपक्यांचा, म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर. टेकलेलं बोट दीड सेंटिमीटर रुंद. काच एका मिलिमीटरचे बारा भाग सांगू शकते, पण विचारणारं बोट जाड आहे. म्हणून माझा प्रत्येक अक्षराचा चौकोन ८० ठिपक्यांचा, जवळजवळ २४ मिलिमीटर. आडवे दहा चौकोन बसतात. भारतीय भाषांच्या की-बोर्डचा इन्स्क्रिप्ट क्रम ठेवला नाही, टंकलेखन न केलेल्याला तो परका. एका ओळीत क-वर्ग नि च-वर्ग, दुसरीत ट-वर्ग नि त-वर्ग, अशी पाटीवरची वर्णमाला. स्वर वर. अक्षर दाबलं की त्यावरून सुरू होणारे लेखक किंवा पुस्तकं, एका पानावर सहा, खाली "मागचं पान" आणि "पुढचं पान". बोटानं ओढून यादी सरकवायची सोय दिलीच नाही. रेझिस्टिव्हवर दाबून ठेवत ओढणं सांध्यांना त्रासाचं.

डबल क्लिक कुठेही नाही. बाण वर नुसता नेल्यावर उगवणारी सूचना नाही, कारण बोट एकतर टेकलेलं असतं किंवा नसतं, मधली अवस्था नाही. बाणही लपवला. तो दिसला की लोक बोट सोडून त्याच्याकडे बघतात.

थरथरत्या हाताचा प्रश्न वेगळा. एका आजींचं एक दाबणं काचेला चार दाबण्यांसारखं दिसतं. शिवाय बोट टेकताना आणि उचलताना दाब अर्धवट असतो, त्या क्षणी येणारे आकडे भरकटतात. म्हणून प्रत्येक स्पर्शाचे पहिले दोन आणि शेवटचे दोन आकडे टाकून उरलेल्यांतला मधला घेते. काम होतं ते बोट उचलल्यावर, आणि त्यानंतर ४०० मिलिसेकंद काच काही ऐकत नाही. आजींनी चार वेळा टेकवलं तरी पान एकच उलटतं.

सुताराकडून पडद्याखाली सागवानी पट्टी बसवून घेतली, चार इंच रुंद, कडा घासून गोल केलेल्या. मनगट तिच्यावर टेकवलं की हात स्थिर होतो. माझ्या सगळ्या प्रोग्रॅमपेक्षा या पट्टीचा उपयोग अधिक झाला असं प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

६ डिसेंबर, शनिवार

मावशींचा सकाळी फोन. "अगं, कुणी हात न लावता आपोआप पानं उलटतायत."

जाऊन पाहिलं. काच सतत एकच जागा सांगत होती, डावा खालचा कोपरा. "मागचं पान" तिथंच. चौकट उघडली. बाहेरच्या कडेत आणि फिल्मच्या मध्ये पेन्सिलीच्या टोकाचा तुकडा अडकून फिल्म दाबत होता. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कडेतून फिरवला, तुकडा पडला, आकडे थांबले. मूळ दोष माझाच. चौकटीचे चार स्क्रू मी फार आवळले होते. अर्धा फेरा सैल केले.

फाइल व्यवस्था आता फक्त वाचण्यापुरती ठेवली आहे. भिंतीवरचं बटण बंद केलं किंवा वीज गेली तरी कार्डावर काही बिघडणार नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

आज सगळ्यांसाठी सुरू केलं. थंडी कडक. दहा वाजता आलेले सगळे कानटोप्या आणि मफलरात. पेठ रोडहून येणाऱ्या एक आजी लोकरी हातमोजे घालून आल्या होत्या, त्या काढायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या आजी, तशाच दाबा." त्यांनी मोज्यासकट "स" दाबला. पान उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. "माझ्या मोबाइलला हे समजत नाही," म्हणाल्या. मग एकेक पान उलटत अख्खा "स" वाचून काढला. तीन पुस्तकं घरी नेली. त्यांतल्या एकाच्या मागच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख २००९ ची होती.

एका काकांनी "ळ चा चौकोन कशाला? ळ वरून काही सुरू होत नाही," असं विचारलं. खरं आहे. पण पाटीवर तो होता म्हणून मी ठेवला. रिकामी जागा दिसली असती तर लोक तिथंच अडले असते.

नाशिकला १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे. त्यापुढे आमचं हे दोन खोल्यांचं. पण दोन खोल्यांतल्या कपाटातही पुस्तक हरवतं, आणि आज दुपारपर्यंत अकरा जणांनी मावशींना न विचारता आपलं पुस्तक शोधलं.

२० डिसेंबर, शनिवार

मावशी रोज सकाळी ओल्या फडक्यानं काच पुसतात. पुसताना अक्षरं दाबली जातात, पानं उलटतात, आणि त्या फडकं तसंच धरून थांबतात. "मला भीती वाटते गं, काही पुसून गेलं तर."

काही पुसलं जात नाही, पण भीती खरी आहे. वर उजव्या कोपऱ्यात एक नवा चौकोन दिला : "काच पुसा". तो दाबला की पडदा पांढरा होतो आणि वीस सेकंद काच कशालाच उत्तर देत नाही. मध्ये मोठे आकडे वीसपासून खाली येतात. फडकं ओलसर हवं, निथळतं नको. कडेतून पाणी आत गेलं तर दोन थर चिकटतात, हे त्यांना सांगितलं. स्पिरिट चालेल का विचारत होत्या. नुसतं पाणी पुरे म्हटलं.

आज मावशींनी तो दाबला, पुसायला लागल्या, आणि आकड्यांबरोबर मोठ्यानं मोजत गेल्या. नाना वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "खालचा कोपरा राहिला." सात असताना तो पुसला. वीस सेकंद ठेवावीत का कमी करावीत असं मावशींना विचारलं. म्हणाल्या, वीसच असू दे, थंडीत हात सावकाश चालतो.

पुढच्या शनिवारी : सीआर २०३२ सेल बदलणे (अजून राहिला आहे), दुसऱ्या कार्डावर सगळ्याची प्रत काढून मावशींच्या कपाटात ठेवणे, आणि नानांच्या बोटानं नऊ फुल्या पुन्हा एकदा तपासणे.